मातिंताची शीळ

११ फेब्रुवारी

ही वही झुलेइडे मावशीची, शिवणाच्या मापांची. पुढून छाती-कंबर-उंची, मागून मी. मावशी म्हणाली, मनात आहे ते कागदावर ओक, माझं डोकं खाऊ नकोस.

तर ओकते. नऊ वर्षं मी एस्त्रेला होते. निळ्या केसांचा टोप, चंदेरी झगा, बेलेम शहरातल्या निम्म्या भिंतींवर माझा चेहरा. परवा ओझिएलने सांगितलं की एस्त्रेला हे नाव बँडचं आहे आणि बँड त्याचा आहे. नवराही तोच, त्यामुळे सही करताना कागदावर काय लिहिलंय ते मी वाचलं नव्हतं. आता नवरा नाही आणि नावही नाही. नव्या पोरीचं नाव टाइनारा. वय बावीस. पोस्टरवर छापलंय, ‘खास गोयासहून’, म्हणजे दूर दक्षिणेकडून. माझा टोप तिच्या डोक्यावर, माझी गाणी तिच्या तोंडी. लोकांना फरकसुद्धा कळलेला नाही. मासळीबाजारात एक बाई मला म्हणाली, तू एस्त्रेलासारखी दिसतेस गं, तिची थोरली बहीण का?

मी सूड घेणार. त्याच्यावर आणि तिच्यावरही. कसा ते अजून माहीत नाही.

१५ फेब्रुवारी

हद्द म्हणजे काय ते आज पाहिलं. चंदेरी झगा कमी करायला आमच्याच घरी आला. मावशीनेच शिवला होता, तेव्हा ओझिएलला दुसरीकडे कुठे पाठवावंसं वाटलं नसेल. कंबरेत चार बोटं आत घ्यायचा आहे. मी स्वयंपाकघरात जाऊन बसले.

मावशी नंतर म्हणाली, पोरीला पूर्ण बाह्या हव्यात, मनगटापर्यंत. या उकाड्यात, त्या दिव्यांखाली! मी म्हटलं, दक्षिणेकडची फॅशन असेल. मावशीने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि बाह्या कापायला घेतल्या.

२ मार्च

भांडी घासताना मी शीळ घालत होते. मावशीने लाकडी डाव फेकून मारला. घरात शीळ घालू नये, मातिंता येते. चौतिसाव्या वर्षीही मला डाव खावा लागतो.

मातिंता पेरेरा कोण हे इथल्या तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं. म्हातारी असते, पक्षी होऊन छपरावर बसते आणि शीळ घालते. ती थांबावी म्हणून आतून ओरडायचं, ‘उद्या ये, तंबाखू देते!’ दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी जी कोणी तंबाखू मागायला येईल, तीच मातिंता. तिला तंबाखू द्यायची आणि तोंड बंद ठेवायचं.

बशी पुसता पुसता माझा हात थांबला. बेलेममध्ये प्रत्येक गाणारी चमकते. चंदेरी, सोनेरी, टिकल्या, दात. काळं कोणी नाही. म्हातारं कोणी नाही. आणि जिचा चेहराच कोणी पाहिला नाही, तिचा चेहरा भिंतीवरून कोण काढणार?

मावशीला सांगितलं. तिने हातातलं काम खाली ठेवलं. म्हणाली, शीळ घाल, मुखवटा घाल, पण शेवटचा प्रश्न विचारायचा नाही. मरताना मातिंता विचारते तो. ‘कुणाला हवं?’ न कळणाऱ्याला वाटतं म्हातारी दागिने वाटतेय. तो म्हणतो, मला हवं. संपलं. मातिंता होणं त्याच्या गळ्यात, जन्मभर. मावशी म्हणाली, खेळातसुद्धा तो प्रश्न या घरातून जाणार नाही. मी कबूल केलं.

९ मार्च

काय काय ठरलं ते लिहून ठेवते, नाहीतर मीच मोडीन. मातिंता गाण्याव्यतिरिक्त माणसांशी बोलत नाही, शीळ घालते. मुखवटा लोकांसमोर कधीच निघत नाही. स्टेजवर फक्त काळा रंग आणि सुकलेल्या तंबाखूचा रंग. मागे खांबांवरची एक लाकडी झोपडी, नदीकाठी असते तशी, आणि तिची खिडकी पूर्णवेळ बंद. दिवे खालून, कंदिलाच्या उंचीवरून. डिंकाचा धूर. चार नाचणाऱ्या पोरी, त्या घुबडं.

आवाज माझा, पण खालचा. ओझिएलने नऊ वर्षं मला दोन पट्ट्या वर गायला लावलं, कारण लोकांना म्हणे पोरगी हवी असते. जरा ताल चुकला की पडद्यामागे मनगट पिळायचा. त्याची शिकवायची पद्धतच तशी. माझा खरा आवाज कुठे आहे हे त्यालासुद्धा माहीत नाही.

२१ मार्च

मुखवटा आला. मिरिती पामच्या गाभ्याचा, अबायतेतुबा गावच्या खेळणी करणाऱ्या म्हाताऱ्याकडून. हातात घेतला तर कापसाचं वजन. नाक लांब, गाल बसलेले, तोंड नाहीच, फक्त शीळ बाहेर पडेल एवढं भोक. मावशीने जुन्या मच्छरदाण्या काळ्या रंगवून झगा केला, खाली तुकुमा ताडाच्या टणक बिया शिवल्या. चाललं की खडखडतं. आरशासमोर उभी राहिले आणि मला मी सापडेना. कित्येक दिवसांत इतकी खूश झाले नव्हते.

१४ एप्रिल

काल इकोआरासीच्या क्लबात पहिला खेळ. रविवार, दुपारच्या पावसानंतर. दीडशे माणसं, त्यातली शंभर बिअरसाठी आलेली. स्पीकरच्या भिंतीमागून मी शीळ घातली. लांब, मग तुटक. क्लब गप्प झाला. मग कोपऱ्यातून एका बाईचा आवाज आला, हसत, पण पुरती हसत नव्हती. ‘उद्या ये, तंबाखू देते!’ मग सगळेच ओरडायला लागले.

आज सकाळी क्लबच्या मालकाचा फोन आला. फाटकापाशी लोकांनी तंबाखूच्या अकरा पुड्या ठेवल्यात, काय करू म्हणून विचारत होता.

१९ मे

सहा रविवार झाले. व्हिडिओ फिरताहेत. शाळेतली पोरं मधल्या सुट्टीत शीळ घालतात आणि मास्तर ओरडतात. मातिंता कोण यावर पैजा लागल्यात. सगळ्यात जोरात चाललेलं उत्तर असं की मी पुरुष आहे.

आज मार्लुसे, माझी पहिल्या रांगेतली घुबड, म्हणाली की पोस्टरवर नाचणाऱ्यांची नावं हवीत. मी म्हटलं, मुखवट्याखाली कोण आहे याने कुणाला काय फरक पडतो? उद्या तुझ्या जागी दुसरी उभी केली तरी कळणार नाही.

ती म्हणाली, ‘ओझिएलही हेच म्हणायचा, ताई.’

पूर्वी तीही त्याच्याकडेच नाचायची. एक ठेवून द्यावी असं वाटलं. दिली नाही. नाचते चांगली, आणि माझं नाव तिला ठाऊक आहे.

८ जून

आज इतकी हसले की मावशी उठून बघायला आली. ओझिएलने मातिंताला फोन केला. आमचा नंबर मार्लुसेच्या नावावर आहे, तिने स्पीकरवर लावला. तो सबंध वेळ ‘सेन्योरा मातिंता’ म्हणत होता, आणि माझा बाप मेल्यावर बोलला नव्हता इतकं गोड बोलत होता. जुलैत मोस्केइरोच्या किनाऱ्यावर त्याचा दुपारचा मोठा खेळ आहे. एस्त्रेला आणि मातिंता एकाच स्टेजवर आल्या तर? आणि कधी कंटाळा आला तर सांगा, म्हणाला, नाव सांभाळायला मी आहे, मला नावं सांभाळायची सवय आहे.

आहेच. मार्लुसेला मी खुणेने सांगितलं, विचार करून कळवते म्हण.

१४ जून

वेरोपेझोच्या बाजारात ती पोरगी दिसली. टाइनारा. टोप नव्हता, टोपी डोळ्यांवर ओढलेली, लांब बाह्या, घामाने भिजलेली. असाईच्या, त्या जांभळ्या ताडफळाच्या दाट रसाच्या गाड्यावर एकटी जेवत होती. गोयासची माणसं असाईत साखर घालतात, केळं कापतात, बघवत नाही. ही खाऱ्या मासळीबरोबर खात होती, वरून कसाव्याचा भरडा, आणि बोटाने वाडग्याची कड पुसून घेत होती. ओझिएलने शिकवलं असणार. तो सगळंच शिकवतो, मला श्वास कसा घ्यायचा तेसुद्धा शिकवलं होतं. आमच्यासारखं खाऊन आमची होशील असं वाटतं काय तुला?

गाडेवाली तिला म्हणाली, आणखी घे पोरी. ती नको म्हणाली, बाहेर उभ्या मोटारीकडे पाहिलं आणि निघून गेली. अर्धी मासळी तशीच टाकून. मला ते माजच वाटलं.

२९ जून

सुचलं. इतकं सरळ आहे की आधी कसं सुचलं नाही याचाच राग येतोय.

ओझिएलच्या शिकवणीत एक धडा असतोच. स्टेजवर कोणी ‘कुणाला हवं?’ विचारलं की गाणारीने सगळ्यांत मोठ्याने ओरडायचं, ‘मला!’ टी-शर्ट फेकायचे असोत, बिअर फेकायची असो. मी नऊ वर्षं ओरडले. ती गोयासची आहे. मातिंता म्हणजे तिच्या लेखी शीळ आणि काळी मच्छरदाणी. शेवटचा प्रश्न तिच्या कानावर कशाला गेला असेल? मी तो आजवर एकदाही विचारलेला नाही, व्हिडिओत कुठे नाही.

तर मोस्केइरोला, भर दुपारी, सगळ्या बेलेमसमोर मी तो विचारीन. गर्दीतलं कुणी तोंड उघडणार नाही. ती उघडेल. मी मुखवटा तिच्या तोंडावर बांधीन आणि पाठ न वळवता निघून जाईन. लोक हसतील, आणि हसता हसता दोन पावलं मागे सरतील. त्यानंतर ती कुठेही गाऊ दे, होडीत तिच्या शेजारची जागा रिकामी राहील. आया पोरांना आत घेतील. ओझिएलची एस्त्रेला कायमची मातिंता होईल आणि त्याचं नाव जाईल मातीत. चेहऱ्याच्या बदल्यात चेहरा.

नियम मोडून माझा मुखवटा लोकांसमोर निघणार, हे खरं. निघू दे. मला बघू दे की तो मला बघतोय.

मावशीला सांगणार नाही.

१२ जुलै

पक्कं झालं. दोन गाणी दोघींनी मिळून, मग माझं शेवटचं. तालमीला पोरगी एकदाच आली, ओझिएल शेजारी उभा. मी अर्थात मुखवट्यात. तिने माझी शीळ ऐकली आणि मान खाली घातली. घाबरली असेल. जाताना हळूच विचारलं, शेवटी काय करणार तुम्ही? मी शीळ घातली. ती म्हणाली, ‘बरं.’ एवढंच. कशाला बरं, तेही सांगितलं नाही.

मला तिची कीव यायला लागली होती, म्हणून घरी येऊन जुनं पोस्टर काढून पाहिलं. गेली.

२६ जुलै

उद्या. दोन दिवस जेवण जात नाही. मावशीने मुखवट्याची नाडी बदलली, जुनी विरली होती. नवी गाठ एका ओढीत सुटते असं तिने दाखवलं. का दाखवलं ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

२८ जुलै

घडलं तसं लिहिते. नाहीतर उद्या मीच वेगळं सांगायला लागेन.

मोस्केइरो, दुपारचे चार. वाळू दिसत नव्हती, माणसंच. दोन गाणी झाली. टाइनारा वरच्या पट्टीत, मी खालच्या. माझीच गाणी. एका ठिकाणी आमचे आवाज असे बसले की माझ्या अंगावर काटा आला आणि मला तिचा आणखी राग आला. मग माझं शेवटचं. ठरल्याप्रमाणे मी गुडघ्यांवर बसले, घुबडांनी धूर घेऊन कडं केलं, वाद्यं थांबली. ओझिएल स्टेजच्या बाजूला हाताची घडी घालून हसत उभा होता.

मी म्हटलं, ‘मी चालले. माझं आहे ते देऊन जाते. कुणाला हवं?’

एवढी गर्दी एका क्षणात गप्प होते हे मी पहिल्यांदा पाहिलं. फक्त जनरेटर चालू होता. पुढच्या रांगेत एका बापाने खांद्यावरच्या पोराच्या तोंडावर हात ठेवला. ओझिएलचं हसू गेलं. दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा मी तिच्याकडे वळले.

‘मला हवं,’ ती म्हणाली.

ओरडली नाही. मुखवट्याच्या आत मी हसत होते. गर्दीतून एक कळवळा उठला, अरे, हिला माहीत नाही, कोणीतरी सांगा. मग तिने माईक तोंडाशी धरला, आणि तिचा तो गोयासचा गुळगुळीत सूर गेला. नदीच्या वरच्या अंगाची बोली, माझी आजी बोलायची ती.

‘म्या गोयासची न्हाई. कामेताची हाय. काय मागतेय ते मला ठावं हाय, आजीनं सांगितलंय. मला हवं.’

निळा टोप काढून तिने खाली ठेवला. फेकला नाही, ठेवला. मग दोन्ही हात पुढे केले आणि बाह्या मागे सरकल्या. मनगटाच्या वर चार बोटांचे वळ, निळे, आणि त्यांच्याखाली आधीचे पिवळे पडलेले. ती बोटं मी ओळखते. माझ्या डाव्या हातावर ती नऊ वर्षं येत-जात होती आणि मी त्याला शिकवणं म्हणायचे.

मी नाडी ओढली. गाठ सुटली. मुखवटा मी तिच्या हातांत दिला, तोंडाला वारा लागला. पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, अगं, ही तर जुनी एस्त्रेला. आणि दुसरी बाई म्हणाली, हिचं नाव जुसिआरा. नऊ वर्षांत माझं नाव स्टेजवरून मी ऐकलं नव्हतं.

ओझिएल वर आला. लोकांकडे बघून हसत, माईक हातात. म्हणाला, वा वा, झाली मस्करी, आता माझी एस्त्रेला मला परत द्या. तोवर तिने मुखवटा बांधला होता. तिने शीळ घातली. मग त्याच्याकडे वळली.

‘कुणाला हवं?’

त्याने तोंड उघडलं. हा माणूस दिवसाला शंभर वेळा ‘मला हवं’ म्हणतो. पण हा बेलेममधल्याच जुरुनासच्या गल्लीत वाढलाय, यालाही आजी होती. सगळी गर्दी त्याच्या ओठांकडे बघत होती. तिने दुसऱ्यांदा विचारलं. एक पाऊल पुढे आली, बिया खडखडल्या नाहीत कारण झगा चंदेरी होता, त्यामुळे ते आणखीच वाईट दिसलं. तिसऱ्यांदा विचारलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, जणू मी सोडवीन. तोंडावरून हात फिरवला, आणि तिला पाठ न दाखवता, खेकड्यासारखा, जिन्याने खाली उतरला. शेवटची पायरी चुकली.

आधी एकच माणूस हसला. मग सगळा किनारा.

३० जुलै

रेडिओवर दिवसभर तेच. ओझिएलच्या घरासमोर पोरं शीळ घालून पळतात. बँडमधले दोघे सोडून गेले. तो आपल्या बहिणीकडे गेलाय आणि तिथेही शेजाऱ्यांनी कुंपणाला तंबाखूच्या पुड्या बांधल्यात म्हणे. हे वाक्य मी तीनदा वाचलं, चव जात नाही.

पोरगी आमच्याकडे आहे, मावशीच्या खोलीत. टाइनारा हे नावही त्यानेच ठेवलेलं, खरं नाव बेनेदिता. मावशीने विचारपूस न करता तिची मापं घेतली, काळ्या झग्यासाठी. मुखवटा तिच्याकडेच आहे. मी मागू शकत नाही, सगळ्यांसमोर दिलाय. आणि तिची शीळ माझ्यापेक्षा चांगली आहे. आज अंगणात घालून दाखवली, मावशीने डाव फेकला नाही.

सूड झाला, माझ्या डोळ्यांदेखत झाला. पण तो तिने घेतला. मी नुसती उभी होते. मला याचा राग आहे. इथे खोटं कशाला लिहू.

दुपारी ती कसावा किसायला माझ्याजवळ बसली. एक कंद किसून संपवला. मग मान वर न करता म्हणाली, ‘ताई, बाजारात तुम्ही मला पाहिलंत, तेव्हाच तुम्हाला कळलं होतं ना मी इथलीच ते? तो मला एकटं कुठे सोडत नव्हता. एवढ्या लोकांसमोर तो काही करू शकणार नाही, म्हणून तुम्ही तो प्रश्न ठेवलात. माझ्यासाठी.’

तिचे हात थांबले होते. ती उत्तराची वाट बघत होती.

मी म्हटलं, हो.